लायकाची गोष्ट मुलांना पूर्ण सांगावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, मुलांच्या पानावर, अवकाशात गेलेल्या लायका या कुत्रीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आणि माझ्या परिचयातील काही शिक्षकांनी लक्षपूर्वक वाचला. मराठी वृत्तपत्राने मुलांसाठी असा विषय निवडावा, याचे मनापासून समाधान वाटले, आणि म्हणूनच त्यातील काही विधानांबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. लायका ही सायबेरियातील शिकारी जातीची कुत्री होती व पूर्वजांकडून आलेल्या धाडसामुळे तिची निवड झाली, ती अवकाशात आठवडाभर जिवंत राहिली व नंतर तिला वेदनारहित मरण आले, आणि तिने मानवजातीसाठी आनंदाने बलिदान दिले, असे लेखात म्हटले आहे. यातील पहिले विधान वस्तुस्थितीला धरून नाही आणि दुसरे २००२ सालीच खोटे ठरले आहे. तिसरे मला सर्वांत जास्त खटकले. त्याचे कारण समजण्यासाठी आधीच्या दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतील.

लायका मॉस्कोच्या रस्त्यावर भटकणारी, कोणाचीही नसलेली कुत्री होती. वजन पाच-सहा किलो, वय अंदाजे तीन वर्षे, आणि वंश मिश्र. तिच्यात उत्तरेकडील कुत्र्यांचा काही अंश असावा, असा तर्क पुढे अनेकांनी केला. परंतु निवड करणाऱ्यांना तिच्या वंशाशी काही कर्तव्य नव्हते. मॉस्कोतील हवाई वैद्यक संस्थेत व्लादिमीर याझ्दोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली जे शास्त्रज्ञ हे काम करत होते, त्यांना लहान चणीचे, सहा-सात किलोंच्या आतले, शांत स्वभावाचे आणि उपासमार व थंडी सोसून जगलेले जनावर हवे होते. रस्त्यावरच्या कुत्र्याने मॉस्कोचे हिवाळे उघड्यावर काढलेले असतात, त्यामुळे ते घरात वाढलेल्या कुत्र्यापेक्षा चिवट असते, असा त्यांचा सरळ हिशेब होता. माद्यांना प्राधान्य दिले जाई, कारण मलमूत्र गोळा करणारे साधन त्यांच्या अंगाला बसवणे सोपे होते. आणि फिकट रंगाला प्राधान्य दिले जाई, कारण त्या काळच्या कॅमेऱ्यात गडद रंगाचा प्राणी नीट दिसत नसे. म्हणजे नाक, वेग, दात, धीटपणा यांपैकी शिकारी कुत्र्याचा कोणताही गुण तिथे मोजला गेला नाही. मोजली गेली ती सोसण्याची ताकद. पाच्छा पेठेत किंवा जुळे सोलापुरात रात्री बंद दुकानाच्या पायरीवर मुटकुळे करून झोपणारी गावठी कुत्री हेच लायकाचे खरे गणगोत होय, आणि मुलांना हे कळले तर ती त्यांना परकी वाटणार नाही.

रशियात उत्तरेच्या जंगलांत शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या एका संपूर्ण गटालाही लायका म्हणतात, आणि आपल्या लेखातील घोटाळा बहुधा तिथूनच झाला असावा. या दुसऱ्या लायकांविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, आणि त्यांचे काम समजून घेतल्याशिवाय अवकाशातल्या कुत्र्यांशी त्यांची तुलना करता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उत्तर युरोपपासून युरल पर्वत ओलांडून थेट पॅसिफिक महासागराच्या बाजूपर्यंत जे सूचिपर्णी अरण्य पसरले आहे, त्याला तैगा म्हणतात. पाइन, स्प्रूस आणि लार्च यांची दाटी, पायाखाली शेवाळ आणि दलदल, आणि वर्षातील बराच काळ बर्फ, असा तो प्रदेश आहे. तिथे मान्सी, खांती, कोमी, एवेंकी अशा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी कुत्री सांभाळली, त्यांच्यातून पश्चिम सायबेरियन, पूर्व सायबेरियन, रशियन-युरोपियन आणि करेलो-फिनिश या लायका जाती घडल्या. उभे टोकदार कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि दुहेरी थराचे दाट केस ही त्यांची ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सोव्हिएत संघाने त्यांची जातिलक्षणे अधिकृतपणे निश्चित केली आणि यांपैकी पहिल्या तीन जातींना १९८० साली आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची मान्यता मिळाली.

शिकारी जंगलातून चालत असतो तेव्हा लायका त्याच्या पायाशी घोटाळत नाही. ती शेकडो मीटर पुढे जाऊन, डावी-उजवीकडे वळसे घेत, नाक, कान आणि डोळे तिन्ही वापरून जंगल धुंडाळते. खार, सेबल नावाचा मुंगसासारखा दिसणारा केसाळ प्राणी किंवा कॅपरकेली नावाचा कोंबड्याच्या कुळातील मोठा पक्षी झाडावर आहे असे लक्षात आले, की ती बुंध्याशी थांबून एकसारखी भुंकू लागते. वर बसलेल्या पक्ष्याचे सारे लक्ष खाली भुंकणाऱ्या कुत्र्याकडे लागते, ते वर येऊ शकत नाही म्हणून तो उडून जाण्याची घाई करत नाही, आणि तेवढ्या अवधीत शिकारी आवाजाच्या रोखाने झाडांआडून जवळ पोहोचतो. समोर मूससारखे अजस्र हरिण असेल तर तीच कुत्री निराळी वागते. फार जवळ गेले तर मूस उधळतो आणि फार लांब राहिले तर तो निघून जातो, म्हणून ती मधले अंतर राखून, बेताने भुंकत, त्याला एका जागी गुंतवून ठेवते. अस्वलाच्या बाबतीत मात्र अंतर राखून भागत नाही. ते चालू लागले की मागून त्याच्या मांडीला चावा घ्यायचा, ते वळले की क्षणात बाजूला व्हायचे, आणि शिकारी येईपर्यंत हे करत राहायचे. यात चुकीला जागा नसते आणि अनेक कुत्री यात मरतात. भुंकण्याच्या तऱ्हेवरून समोर कोणते जनावर असावे, हे अनुभवी शिकारी लांबूनच ओळखतो.

या कुत्र्यांचे महत्त्व केवळ हौसेचे नव्हते. रशियन सत्ता सतराव्या शतकात सायबेरियातून पूर्वेकडे झपाट्याने सरकत गेली, ती मुख्यतः सेबलच्या मऊ, मौल्यवान कातड्यासाठी. स्थानिक लोकांकडून यासाक नावाचा कर कातड्यांच्या रूपाने वसूल केला जाई, आणि ती कातडी जमवताना शिकाऱ्याची मदार फार मोठ्या प्रमाणात कुत्र्यावर असे. फिनलंडमध्ये फिनिश स्पिट्झ ही झाडावरचे पक्षी भुंकून दाखवणारी कुत्र्याची जात १९७९ साली राष्ट्रीय श्वान म्हणून घोषित झाली. अस्वलापुढे उभे राहणाऱ्या करेलियन कुत्र्यांचा उपयोग तर अमेरिकेत आता अस्वलांना न मारता वस्तीपासून दूर हाकलण्यासाठी केला जातो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

आपल्याकडे या कामाच्या जवळ जाणारे उदाहरण कारवानी कुत्र्याचे आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानापासून कर्नाटकातील मुधोळपर्यंत ही उंच, सडपातळ, लांब तोंडाची जात लोकांच्या परिचयाची आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तिला आश्रय दिला, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाउंड या नावाने तिच्यावर तिकीट काढले. कारवानी मोकळ्या माळावर दूरवरचे सावज नजरेने हेरते आणि न भुंकता, निव्वळ वेगाने ते गाठते. दाट तैगात नजर चार झाडांपलीकडे जात नाही, त्यामुळे तिथे असा वेग फारसा उपयोगाचा नाही. तिथे शोधण्याची अक्कल आणि सांगण्याचा आवाज लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुद्दा शिकारीच्या समर्थनाचा नाही, माणूस आणि कुत्रा यांच्यात कामाचे कोणते नाते होते याचा आहे.

ते नाते असे होते की, जंगलात निर्णय कुत्र्याचा असे. कुठे जायचे, कोणता वास धरायचा, कोणता सोडायचा, अस्वलाच्या किती जवळ जायचे, हे कुत्रे ठरवी आणि माणूस त्याच्या मागे जाई. नको वाटले तर ते माघार घेई, आणि त्याला दोर लावून अस्वलापुढे ढकलणारा शिकारी कोणी नसे, कारण तसे करून कामच झाले नसते. धोका दोघांना होता आणि मिळालेल्या मांसाचा वाटाही दोघांना होता. ही सोबत किती जुनी आहे, याचा पुरावा सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव्ह बेटावर मिळाला आहे. तिथे ध्रुवीय अस्वल आणि रेनडिअर यांची शिकार करणाऱ्या लोकांच्या वस्तीत सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांचे अवशेष सापडले, आणि आजच्या आर्क्टिक प्रदेशातील घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी त्यांचे जवळचे नाते असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले.

अवकाशातल्या कुत्र्यांची गोष्ट याहून अगदी वेगळी आहे. अमेरिकेने माकडे निवडली आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कुत्री, याला कारण होते. पाव्हलोव्ह यांच्यापासून रशियन शरीरशास्त्राला कुत्र्यांवरील प्रयोगांची दीर्घ परंपरा होती, कुत्र्याचे हृदय, श्वसन आणि सवयी यांची तपशीलवार माहिती हाताशी होती, आणि बराच वेळ एका जागी शांत बसायला कुत्र्याला शिकवता येत होते. २२ जुलै १९५१ रोजी रशियातील कापुस्तिन यार या प्रक्षेपण केंद्रावरून डेझिक आणि त्सिगान ही दोन कुत्री रॉकेटमधून सुमारे १०० किलोमीटर उंचीपर्यंत गेली आणि पॅराशूटने सुखरूप खाली आली. त्याच महिन्याच्या अखेरीस डेझिकला लिसा नावाच्या कुत्रीबरोबर पुन्हा पाठवले गेले, पॅराशूट उघडले नाही, आणि दोघे मेले. त्यानंतर त्सिगानला पुन्हा पाठवायचे नाही असे ठरले आणि अनातोली ब्लागोन्राव्होव्ह या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्याला आपल्या घरी नेले.

याच मालिकेतील एक प्रसंग मुलांना अवश्य सांगावा. सप्टेंबर १९५१ मध्ये एका उड्डाणासाठी तयार केलेला बोबिक नावाचा कुत्रा ऐन वेळी पळून गेला. त्याचा शोध लागेना, तेव्हा जवळच फिरणारे एक भटके कुत्रे पकडले, त्याला कोणतेही प्रशिक्षण न देता रॉकेटमध्ये बसवले, आणि ते सुखरूप परतले. हा प्रसंग सहसा गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. या कुत्र्यांना त्यांची इच्छा कोणी विचारली नाही आणि विचारणे शक्यही नव्हते. पण एकाला संधी मिळाली, आणि त्याने काय केले ते नोंदलेले आहे.

आता लायकाच्या उड्डाणाविषयी. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुत्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह यशस्वी झाला आणि साऱ्या जगाचे डोळे दिपले. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांना ७ नोव्हेंबरला येणाऱ्या रशियन क्रांतीच्या ४० व्या वर्धापनदिनाआधी आणखी एक मोठा पराक्रम हवा होता. त्यामुळे सजीव प्राणी घेऊन जाणारे, सुमारे ५०८ किलो वजनाचे दुसरे यान अभियंत्यांनी महिन्याभराच्या आत, पुरेशा चाचण्यांशिवाय उभे केले. पृथ्वीच्या कक्षेतून काही परत आणण्याचे तंत्र त्या वेळी कोणाकडेही नव्हते, त्यामुळे लायका परत येणार नाही हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते.

तयारीसाठी कुत्र्यांना लहान, त्याहून लहान, आणखी लहान अशा पिंजऱ्यांत अनेक दिवस ठेवले जाई, म्हणजे यानातील अडचणीच्या जागेची सवय व्हावी. त्यांना सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवले जाई, रॉकेटसारखा कर्कश आवाज ऐकवला जाई, आणि जेलीसारखे दाट अन्न खायला शिकवले जाई. नाडी आणि रक्तदाब मोजण्यासाठी लायकावर शस्त्रक्रियाही झाली होती. यानात तिला उभे राहता, बसता आणि आडवे होता येईल एवढीच जागा होती. साखळ्यांमुळे वळता येत नव्हते. प्रक्षेपणाच्या तीन दिवस आधी तिला त्या कक्षात बंद केले गेले. त्याआधी याझ्दोव्स्कींनी तिला आपल्या मुलांशी खेळायला घरी नेले होते, ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. हे लोक निर्दय नव्हते, हे मी मुद्दाम नमूद करतो. ज्या प्राण्याला आपण मरायला पाठवतो आहोत त्याचा त्यांना लळा होता, आणि तरीही त्यांनी त्याला पाठवले.

३ नोव्हेंबर १९५७ रोजी रॉकेट सुटले तेव्हा लायकाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १०३ वरून २४० पर्यंत गेले आणि श्वास तीन-चार पटींनी वाढला. कक्षेत पोहोचल्यावर ठोके पूर्ववत व्हायला जमिनीवरील चाचणीच्या तिप्पट वेळ लागला. दरम्यान यानाची तापमान-नियंत्रणाची व्यवस्था अपुरी पडली आणि कक्षातील तापमान ४० अंशांपर्यंत चढले. चाळीस अंश म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. मे महिन्यात आपल्या रस्त्यांवरची कुत्री उभ्या ट्रकखाली, नळाच्या ओलीत, गटाराच्या काठाला जीभ बाहेर काढून धापा टाकत पडलेली आपण रोज पाहतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तोंडातील आणि श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होऊनच त्याचे अंग निवते. सावली, ओली जमीन, वाहती हवा यांपैकी काही तरी शोधत ते जागा बदलत राहते आणि जगते. बंद कक्षात त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते, दमट हवेत वाफ होणे मंदावते, मग धापा आणखी वाढतात, आणि धापा टाकण्याच्या श्रमाने शरीर अधिकच तापते. लायकाला तर वळायलाही जागा नव्हती. प्रक्षेपणानंतर पाच ते सात तासांच्या आत तिच्याकडून जीवनाच्या खुणा येणे थांबले.

आपल्या लेखात छापलेली आठवडाभराची आणि वेदनारहित मरणाची हकिकत ही त्या काळच्या अधिकृत निवेदनांतून पसरलेली आहे. कधी प्राणवायू संपल्याचे सांगितले गेले, तर कधी शेवटच्या अन्नातून विष दिल्याचे. जग तिच्या प्रकृतीची चौकशी करत होते, ब्रिटनमध्ये श्वानप्रेमी संघटना निषेध नोंदवत होत्या, आणि ती आधीच मेलेली होती. तिचा देह घेऊन यान पृथ्वीभोवती फिरत राहिले आणि १४ एप्रिल १९५८ रोजी वातावरणात शिरून जळून गेले. खरी हकिकत दिमित्री मालाशेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे भरलेल्या जागतिक अवकाश परिषदेत मांडली, म्हणजे घटनेनंतर तब्बल ४५ वर्षांनी. त्याआधी, १९९८ साली, या कुत्र्यांना तयार करणाऱ्या ओलेग गाझेन्को यांनी जाहीरपणे सांगितले होते की, जसजसा काळ जातो तसतसे त्या गोष्टीचे दुःख वाढत जाते, आणि त्या उड्डाणातून जे शिकायला मिळाले ते कुत्रीच्या मृत्यूचे समर्थन करण्याइतके नव्हते. ज्याने ते काम स्वतःच्या हातांनी केले त्याचे हे मत आहे. त्याला बाजूला सारून आपण मुलांना गोड गोष्ट का सांगावी, हा माझा प्रश्न आहे.

या मोहिमांतून काहीच मिळाले नाही, असे मला म्हणायचे नाही. १९ ऑगस्ट १९६० रोजी गेलेल्या बेल्का आणि स्त्रेल्का कक्षेतून दुसऱ्या दिवशी जिवंत परतल्या, आणि सजीवाला पृथ्वीच्या कक्षेतून सुखरूप परत आणता येते हे प्रथमच सिद्ध झाले. चौथ्या प्रदक्षिणेत बेल्काला अस्वस्थ वाटून उलटी झाली होती. अवकाशात जाणारे पहिले मानव युरी गागारिन यांचे उड्डाण एकाच प्रदक्षिणेपुरते ठेवण्यामागे हेही एक कारण होते. स्त्रेल्काला पुढे सहा पिल्ले झाली आणि त्यांतील पुशिन्का ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कन्येला भेट दिली, हे बहुतेकांना ठाऊक असते. चेर्नुश्का आणि झ्वेझ्दोच्का यांची मार्च १९६१ मधील उड्डाणे यशस्वी झाली नसती, तर १२ एप्रिलला गागारिन यांना पाठवण्याचे धाडस कोणी केले नसते. १९६६ साली वेतेरोक आणि उगोल्योक २२ दिवस अवकाशात राहून परतले, आणि कुत्र्यांच्या बाबतीत तो विक्रम आजही अबाधित आहे.

परंतु बेल्का-स्त्रेल्काच्या तीनच आठवडे आधी, २८ जुलै १९६० रोजी, चाइका आणि लिसिच्का रॉकेटच्या स्फोटात मेल्या, आणि त्यांचे नाव कुठेही ऐकू येत नाही. लिसिच्का ही मुख्य अभियंते सेर्गेई कोरोल्योव्ह यांची लाडकी होती. १ डिसेंबर १९६० रोजी गेलेल्या प्च्योल्का आणि मुश्का दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर यानासह नष्ट झाल्या. त्याच महिन्यात आणखी दोन कुत्र्यांचे यान कक्षेत पोहोचू शकले नाही आणि सायबेरियात तुंगुस्का नदीच्या प्रदेशात, कडाक्याच्या थंडीत, बर्फावर उतरले. शोधपथक पोहोचले तेव्हा दोन्ही कुत्री जिवंत होती, आणि त्यांतील एकीला गाझेन्को यांनी पुढे स्वतःच्या घरी सांभाळले. ज्या अरण्यात एवेंकी शिकारी आपल्या लायकांच्या मागे हजारो दिवस चालले, त्याच अरण्यात ही मॉस्कोची कुत्री एका गोळ्यात बंद होऊन पडली होती, आणि माणसाने येऊन झाकण उघडेपर्यंत त्यांना काहीही करता येत नव्हते. माझा सारा मुद्दा या एका ठिकाणी दिसतो. एका कुत्र्याच्या अकलेवर माणूस विसंबून होता. दुसऱ्याच्या केवळ शरीरावर.

म्हणूनच बलिदानाची भाषा मला मान्य नाही. आपले सोलापूर हे चार हुतात्म्यांचे शहर आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, आणि ते कशासाठी मरत आहेत हे त्यांना पुरते ठाऊक होते. प्राण देण्याला मोल येते ते या जाणण्यामुळे आणि स्वीकारण्यामुळे. लायकाला काहीच ठाऊक नव्हते. ज्या माणसांनी तिला खाऊ घातले, त्यांनी पट्टा बांधला म्हणून ती शांत बसली, आणि तिच्या या शांत बसण्यालाच आपण तिची संमती समजतो. तिने प्राण दिला असे लिहिले, की तो घेणारे कोणी होते, त्यांनी तारखेची घाई केली होती, आणि ती टाळता आली असती, हे सारे वाचकांच्या नजरेआड होते. मुलांना विज्ञानाचा अभिमान जरूर वाटावा, पण त्या अभिमानाला खोट्या गोष्टीचा आधार असू नये. पाचवी-सहावीच्या मुलांना हे झेपणार नाही, असे काही पालक म्हणतील. माझा शिकवण्याचा अनुभव असा आहे की, याच वयाची मुले प्राण्यांच्या बाबतीत सर्वांत सरळ प्रश्न विचारतात आणि उत्तर टाळलेले त्यांना लगेच कळते.

वेगळ्या मार्गाने जाता येते, हे सांगायलाही परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही. गगनयान मोहिमेत माणसे पाठवण्याआधीच्या चाचण्यांसाठी इस्रोने प्राणी न पाठवता व्योममित्र हा मानवाकृती यंत्रमानव तयार केला आहे. १९५७ साली असे यंत्र शक्य नव्हते, हे खरे. पण परतीची सोय होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून कमी काळ, थांबणे शक्य होते. बेल्का आणि स्त्रेल्का हा त्याचा पुरावा आहे.

माझी आपणास विनंती अशी आहे की, मुलांच्या त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे आणि त्यांना समजेल अशा सोप्या भाषेत, या लेखातील दुरुस्ती प्रसिद्ध करावी. तीत लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री होती, ती काही तासांतच उष्णतेने मेली आणि हे ४५ वर्षे लपवले गेले, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. शक्य झाल्यास उत्तरेकडील शिकारी लायकांवर एक स्वतंत्र लेख, सोबत आपल्या कारवानीची माहिती देऊन, छापावा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त शहरातील आणि तालुक्यांतील शाळांत जी प्रदर्शने भरतात, त्यांत लायकाचे चित्र नेहमी असते; त्या चित्राखाली काय लिहावे, याचा एक छोटा मजकूर आपण छापून दिलात तर शिक्षकांना तो जसाच्या तसा वापरता येईल. असा मजकूर लिहून देण्यास मी आणि माझे शिक्षक मित्र केव्हाही तयार आहोत.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
सोलापूर